कीड म्हणायचं कुणाला?

आमच्या उमरग्याकडच्या रानात दोन शब्द असे आहेत, की ते तोंडातून निघाले की पुढं चौकशी उरत नाही. एक 'तण' आणि दुसरा 'कीड'. तण म्हटलं की खुरपं, कीड म्हटलं की फवारा. मधे थांबून कुणी विचारत नाही, की बाबा, हे नेमकं कोण आहे, कुठलं आहे, कशावर जगतं. विचारायला वेळही नसतो. पावसानं उघडीप दिली की चार दिवसांत खुरपणी उरकावी लागते. तेव्हा झाडाझुडपांची ओळखपाळख काढत बसलो, तर घरचेच म्हणतील, "तू बस बांधावर, आमी करताव काम."

पण निवांतपणी विचार केला तर गंमत ध्यानात येते. तण नावाचं झाड जगात नाही. सोयाबीनच्या पाटीत गेल्या सालच्या ज्वारीचं ताट उगवलं, तर त्या जागी ज्वारीही तणच. ज्या ज्वारीची आपण पूजा करतो, तीच उपटून फेकतो. तसाच कीड नावाचा प्राणीही नाही. कृषी खात्याची माणसं आता 'मित्रकीड' आणि 'शत्रूकीड' असं सांगतात. म्हणजे किडीतसुद्धा सोयरे आणि वैरी आले. हे शब्द त्या जिवाविषयी काही सांगत नाहीत. तो आपल्या फायद्याचा की तोट्याचा, एवढंच सांगतात. तो फायद्याचाही नाही आणि तोट्याचाही नाही, असं निघालं तर मात्र आपल्याजवळ त्याच्यासाठी शब्दच नसतो. या लेखात मला विचारायचं आहे ते एवढंच : ज्याचं आपल्या पोटाशी काही देणंघेणं नाही, अशा जिवाचं आपण काही लागतो का?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो बियांत राहणाऱ्या एका भुंगेऱ्यामुळं.

तुरीतला भुंगेरा आमच्या घराला नवा नव्हता. खळ्यावरून तूर आली की आज्जीचा महिना तिच्यातच जायचा. आधी उन्हात कडक वाळवायची. दाताखाली धरली की कट्ट वाजली पाहिजे. मग बियाण्याची वेगळी, डाळीची वेगळी. बियाण्याच्या तुरीला राख चोळायची, मडक्यात भरायची, वर वाळूचा थर द्यायचा आणि मडकं उतरंडीला लावायचं. डाळीच्या तुरीला तांबडी माती लावून, वाळवून, जात्यावर भरडून होईल तितक्या लवकर तिची डाळ करून टाकायची. वर एरंडेलाचा हात फिरवायचा. एवढं करूनही आषाढात एखाद्या मडक्यात भोकं पडलेली तूर निघायचीच. आज्जी सुपात घेऊन पाखडायची आणि म्हणायची, "त्येच्या नशिबाचं त्यानं खाल्लं. आता आपल्या नशिबाचं निवडा."

तिच्या प्रत्येक कृतीला कारण होतं, आणि ते कारण आज पुस्तकात छापलेलं मिळतं. हा भुंगेरा घरात येऊन तुरीला लागतो असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो रानातूनच शेंगेबरोबर घरी येतो. मादी हिरव्या शेंगेवर किंवा वाळलेल्या दाण्यावर अंडं चिकटवते. पांढरा ठिपका, मोहरीहूनही कितीतरी लहान. अळी अंड्याच्या तळातून बाहेर न येता सरळ दाण्यात शिरते. म्हणजे तिला उघडा उजेड दिसतच नाही. दाण्याच्या आत खाते, वाढते, कोषात जाते. पण त्याआधी एक शहाणपण करते : दाण्याच्या सालीखाली गोल जागा कुरतडून तिथं साल पातळ करून ठेवते. कोषातून भुंगेरा झाला की तो त्या गोल झाकणाला डोकं लावतो, झाकण निघतं आणि तो बाहेर. आपल्याला जे भोक दिसतं ते आत शिरल्याचं नसतं, घर सोडून गेल्याचं असतं. उन्हाळ्याच्या दिवसांत ही सगळी कथा महिनाभरात संपते. बाहेर आलेला भुंगेरा मडक्यातलं काही खात नाही. जोडा शोधतो, मादी अंडी घालते, थोड्याच दिवसांत मरून जातात.

आता आज्जीची कृती बघा. राखेनं दाण्यांमधली फट बुजते, भुंगेऱ्याला फिरता येत नाही. तेलानं अंड्याचा श्वास कोंडतो. आणि डाळ केली की त्याचं घरच मोडतं, कारण त्याला अखंड दाणा लागतो. आज्जीला अंडं, अळी, कोष हे काही ठाऊक नव्हतं. पण तिची लढाई अगदी नेमकी होती.

आमच्याकडं ज्वारीतल्या किड्याला सोंडा म्हणतात, कारण त्याला खरंच सोंड असते. तुरीतल्याला सोंड नसते. अंग आखूड, गोलसर, पाठीवरची पंखझाकणं इतकी तोकडी की मागचा भाग उघडाच. मागच्या मांड्या जाड. १७५८ साली स्वीडनच्या लिनियसनं प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत घालून दिली, त्याच ग्रंथात कडधान्यातल्या या एका भुंगेऱ्याचं नाव आहे. त्यानं त्याला सोंडकिड्यांच्या गटात घातलं आणि नाव ठेवलं 'चायनेन्सिस', म्हणजे चीनचा. पुढं गट बदलला. आता हे भुंगेरे पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या कुळात धरतात. पण 'चायनेन्सिस' तसंच राहिलं, कारण आधी दिलेलं नाव टिकतं असा नियम आहे. आमच्या उतरंडीतला किडा कागदोपत्री चिनी आहे, हे आज्जीला कळलं असतं तर तिनं त्याला आणखी चार शिव्या दिल्या असत्या.

जगात बियांत राहणाऱ्या या भुंगेऱ्यांच्या सुमारे १७०० जाती वर्णन झालेल्या आहेत. त्यांतल्या अगदी थोड्या, बोटांवर मोजण्याएवढ्या, आपल्या कडधान्याच्या वाटेला जातात. भुईमुगाच्या आणि चिंचोक्याच्या आत राहणारा एक आहे, तो आपल्याला ठाऊक असतो. बाकीच्या शेकडो जाती कुठं असतात? रानातल्या शेंगांत. बाभळीच्या, तरवडाच्या, शेवरीच्या, बांधावरच्या नाव नसलेल्या वेलींच्या बियांत. त्यांनी आपलं मूठभर धान्यही कधी खाल्लेलं नाही. पण दिसायला ते तुरीतल्या भावासारखेच. म्हणून दिसला की आपण म्हणतो : कीड.

माझा पुतण्या प्राणिशास्त्रात एम्.एस्सी. करत होता. एका माघात तो सुट्टीला आला तो कागदी पिशव्यांचा गठ्ठाच घेऊन. रोज सकाळी बांधानं फिरायचा आणि वाळलेल्या शेंगा तोडून पिशवीत भरायचा. प्रत्येक पिशवीवर तारीख, गाव, झाडाचं नाव. जवळून जाणारे विचारायचे, "काय येचायलायस रं?" हा म्हणायचा, "किडे." मग ते माझ्याकडं बघायचे. मी दुसरीकडं बघायचो.

आमच्या बांधावर बावची दाट होती. काळ्या रानातलं हे चिवट झाड. कमरेएवढं वाढतं, पानावर बारीक ठिपके, जांभळट फुलांचे गुच्छ, आणि शेंग म्हणजे एकाच बीची काळी बोंडी. ती वाळली तरी उकलत नाही. साल बीलाच चिकटून असते. वास उग्र. जनावर तोंड लावत नाही. वैद्य लोक हिचं बी कोडावर वापरतात. त्या बीतलं द्रव्य अंगाला लागून ऊन लागलं की कातडी भाजते, म्हणून जाणत्याशिवाय कुणी हात घालत नाही. आम्हाला तिचं एवढंच ठाऊक की उपटली तरी पुन्हा येते.

पुतण्यानं घरात काचेच्या बरण्या मांडल्या. प्रत्येकीत एकाच झाडाच्या शेंगा, तोंडाला पातळ कापड. मग वाट बघणं. एका बरणीत काहीच निघालं नाही. एकीत बारीक काळ्या माश्या निघाल्या. तो म्हणाला, हे भुंगेऱ्याच्या अळीवर जगणारे. म्हणजे बीत अळी आणि अळीत ही. किडीचीही कीड. आणि बावचीच्या बरणीत एके दिवशी सकाळी तीन-चार भुंगेरे कापडाला आतून चिकटलेले दिसले. तिळाएवढे, करडे, अंगावर बारीक लव. खाली बोंड्यांना गोल भोकं.

मी विचारलं, "बरणीचा खटाटोप कशाला? झाडावर बसलेला धरला असता तर?" त्यानं सांगितलं ते मला फार पटलं. भुंगेरा एखाद्या फुलावर सापडला म्हणजे ते झाड त्याचं घर असं होत नाही. तो पराग खायला कुठंही जातो, जसा माणूस हॉटेलात जातो. त्याचं घर कोणतं हे सिद्ध करायचं तर तो बीतून बाहेर येताना पाहिला पाहिजे. आणि ते झाडही नीट ओळखलं पाहिजे. फुलाफळासकट फांदी दाबून, वाळवून, कागदावर लावून वनस्पतीच्या जाणकाराला दाखवली पाहिजे. झाडाचं नाव चुकलं तर किड्याचा पत्ताच चुकला. अशा झाडाला शास्त्रात 'यजमान वनस्पती' म्हणतात. शब्द मोठा मानाचा आहे, पण हा यजमान पाहुण्याला पंगतीला बसवत नाही. पाहुणा त्याच्या पोरालाच खातो. तरी झाड मरत नाही. काही बिया जातात, काही उरतात, दरवर्षी दोघंही परत येतात. हा हिशोब त्यांनी आपसात कधी मिटवला कोण जाणे, पण तो आपल्या शेतीहून जुना आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या झाडांना वही मिळालेली आहे. औरंगाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ वि. ना. नाईक यांनी १९७९ मध्ये 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' हे पुस्तक काढलं. तेव्हा लातूरही आमच्याच जिल्ह्यात होतं. १९९८ मध्ये त्यांचे मराठवाड्याच्या वनस्पतींवरचे खंड आले. सगळीकडं असंच होतं. झाडांची यादी आधी होते, आणि त्यांच्या बियांत राहणाऱ्यांची फार नंतर. पुण्यात मॉडर्न कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांनी भुंगेऱ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, लिहिलं. कॉलेजच्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. असलं काम करणारी माणसं थोडी आणि किडे असंख्य, त्यामुळं आपल्या बांधावरचा नंबर यायला वेळ लागतो.

एखादी जात नवी आहे असं म्हणायला काय लागतं, ते मी त्याच्याकडून ऐकलं. मला वाटायचं, कुणाला ठाऊक नसलेला किडा दिसला, नाव ठेवलं, झालं. तसं नाही. जगात कुठंही त्याच्यासारखा आधी वर्णन झालाय का, हे बघण्यात वर्षं जातात. जुने लेख काढायचे, परदेशातल्या संग्रहालयात ठेवलेले नमुने ताडून बघायचे. वरून दोन जाती अगदी सारख्या दिसतात, म्हणून नराच्या अंगातले अवयव काढून, स्वच्छ करून, त्यांची चित्रं काढायची. मग सगळ्यांतला एक नमुना निवडायचा. ती जात म्हणजे काय याचा निवाडा कायमचा त्या एका नमुन्यावर. त्याला टाचणीवर चढवायचं, खाली नखाएवढ्या चिठ्ठीवर गाव, तारीख, झाड, गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि तो सुरक्षित संग्रहात जमा करायचा. कोणत्या संग्रहात ठेवला तेही छापावं लागतं. आपल्याकडं १९१६ साली स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था आहे. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. असा कारभार चोख सरकारी दप्तरासारखा चालतो.

हे सगळं चाललं असताना आमचे चुलते ओसरीवर बसून ऐकत होते. माळकरी माणूस. एकादशी चुकवत नाहीत, पण घरच्या तुरीला ऊन देताना किडे मरतात याचं त्यांनी कधी दुःख केलं नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजी आदी मारायचं, मग नाव ठिवायचं?"

पुतण्या म्हणाला, "होय."

"पोटासाठी मारलं तर पांडुरंग सांभाळून घील. नावासाठी मारलं तर त्येला काय सांगायचं?"

पुतण्यानं उत्तर दिलं, की एकदा नीट ठेवलेला नमुना शंभर-दोनशे वर्षं टिकतो, पुढच्या माणसाला पुन्हा मारावं लागत नाही. आणि आपण एका उन्हात जेवढे मारतो त्याच्या पासंगालाही हे पुरत नाहीत. चुलते गप्प बसले, पण पटल्यासारखे नाही. आणि मलाही ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. आकड्यानं पाप लहानमोठं होतं, पण ते पाप आहे की नाही हे आकड्यानं ठरत नाही.

मी त्यावर बराच विचार केला. चुलत्यांचा प्रश्न खरा आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पोटासाठी मारणं आपल्याला माफ वाटतं, कारण तिथं गरज आहे. मग गरज म्हणजे फक्त पोटाची का? आमच्या बांधावर दरवर्षी तणनाशक पडतं. त्यात काय काय मेलं याचा हिशोब कुणाजवळ नाही, कारण जे मेलं त्याचं नावच ठाऊक नाही. ज्याला नाव नाही त्याच्या मरणाची बातमी होत नाही. चार-दहा जीव टाचणीवर चढवून त्या जातीला नाव मिळालं, तर निदान पुढं कुणाला म्हणता येतं की हा इथं होता आणि आता दिसत नाही. म्हणजे न मोजता हजारोंनी मारायचं आणि मोजून दहा मारायचे, यात फरक आहे. पण तो फरक तेव्हाच खरा, जेव्हा नाव ठेवणारा नाव ठेवून मोकळा होत नाही. ज्याला मारून नाव दिलं, त्याच्या उरलेल्या गोताचं आपण काही लागतो. नावानंतर ते घर टिकतंय का हे बघितलं नाही, तर चुलत्यांचा प्रश्न त्याच्या अंगावर येतोच.

नावानं काय होतं, हे आम्हा शेतकऱ्यांना दुसऱ्यानं सांगायला नको. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला, तेव्हा ज्यांची नावं कूळ म्हणून दप्तरी लागली त्यांना जमिनीवर बोलता आलं. ज्यांची लागली नाहीत, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसली असली तरी कचेरीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. जमीन तीच, घाम तोच, फरक एका ओळीचा. बावचीच्या बीतला भुंगेराही तसा कूळच आहे. किती काळापासून ते रान त्याच्या वहिवाटीत आहे. वर्णन छापून येणं म्हणजे सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात नाव लागणं. त्यानं हक्क मिळतो असं नाही, पण भांडायला कागद मिळतो.

इथं मला दुसरी एक गोष्ट खुपते. पुस्तकात लिहिलं जातं, की अमक्या साली, अमक्या माणसानं ही जात प्रथम पाहिली. प्रथम? आमच्या बावचीच्या बोंड्यांना भोकं असतात हे खुरपणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. बी गोळा करून विकणाऱ्यांना तर फारच ठाऊक असणार, कारण किडकं बी व्यापारी बाजूला काढतो. त्यांनी पाहिलं होतं. मग शास्त्रज्ञानं वेगळं काय केलं? त्यानं ते अशा रीतीनं लिहून ठेवलं, की ज्यानं उमरगा कधी पाहिलं नाही त्यालाही ते ताडून बघता यावं, आणि चुकलं असेल तर चूक काढता यावी. हे काम मोठं आहे आणि ते बायकांच्या पाहण्यानं होत नाही. पण बायकांचं पाहणं त्याच्या आधीचं आहे, हेही खोटं नाही. पाहण्याचा मान एकाचा आणि सांगण्याचा मान दुसऱ्याचा, असं मानलं तर भांडण राहत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळं आता गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात गावातल्या माणसांनी आपल्याला ठाऊक असलेलं झाड, पाखरू, किडा लिहवून घ्यायचा. बऱ्याच ठिकाणी ती वही कपाटात पडून असते. ती उघडून खुरपणाऱ्या बाईला विचारलं, "मावशी, बावचीच्या बीला काय लागतंय?" तर पहिली नोंद तिथंच होईल.

आता तण आणि कीड या शब्दांकडं परत येतो. जन्मावरून निकाल लावण्याची खोड आपण फक्त किड्यांवर चालवली नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार म्हणून दप्तरात घातल्या. त्या घरात पोर जन्मलं की ते गुन्हेगार. त्यानं काय केलं हे विचारायचं कारण नाही. १९५२ मध्ये ते रद्द झालं, त्या लोकांना विमुक्त म्हणू लागले. पण आमच्याकडं गावात चोरी झाली तर अजून आधी पारध्याच्या पालाकडं बोट जातं. किड्याची आणि माणसाची बरोबरी मी करत नाही. मी त्या सवयीविषयी बोलतो आहे. एका शब्दात सगळ्या गोताला बसवायचं आणि मग पुढं न बघता हात उचलायचा, ही सवय एकदा अंगी लागली की ती रानापुरती राहत नाही.

वर्णन करणं हा त्या सवयीवरचा उतारा आहे असं मला वाटतं. जो माणूस तिळाएवढ्या किड्याच्या पायावरचा काटा मोजतो, लवेचा रंग लिहितो, कोणत्या झाडाच्या बीत, कोणत्या महिन्यात सापडला ते नोंदवतो, त्याला त्या वेळेपुरतं 'हा चांगला की वाईट' हे बाजूला ठेवावंच लागतं. आधी तू कोण आहेस ते सांग, मग तुझं-माझं काय ते बघू. न्यायाची सुरुवात इथून होते.

आणि नीट ओळखीचा फायदा आपल्याही पदरात पडतो. गाजरगवत आपल्याकडं १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलं आणि मग देशभर पसरलं. त्याला खाणारा एक भुंगेरा १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणला, तपासून १९८४ मध्ये सोडला. आपल्याकडं त्याला मेक्सिकन भुंगेरा म्हणतात. पावसाळ्यात गाजरगवताची चाळण करतो. तुरीतल्या भुंगेऱ्याच्याच कुळातला, पण आपण त्याला मित्र म्हणतो. पुढं तो सूर्यफुलावर दिसला आणि गदारोळ उठला. तपासात निघालं, की गाजरगवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानावर पडले होते, त्यांच्या ओढीनं तो तिथं खात होता. एका झाडाशी बांधलेला जीव म्हणजे काय, तो कितपत बांधलेला असतो, हे कुणीतरी बारकाईनं बघून ठेवलेलं होतं म्हणून तो वाद मिटवता आला. नाहीतर मित्राचा शत्रू व्हायला एक हंगाम पुरला असता.

तरी फायद्याचं कारण मी मुख्य मानत नाही. उद्या कुणी सिद्ध केलं की बावचीतल्या भुंगेऱ्याचा कुणालाही कवडीचा उपयोग नाही, तर मग काय? मला वाटतं, तेव्हाच आपली खरी परीक्षा. उपयोगाच्या जिवाला जपणं हा व्यवहार झाला. बैलाला पेंड घालणारा बैलावर उपकार करत नाही.

पण उपदेश करणं सोपं असतं आणि मजुरी देणं अवघड. आमचा बांध दोघा भावांत सामाईक आहे. थोरल्या भावाचं म्हणणं सरळ होतं : बांधावर बावची ठेवली की बी रानात येतं, सोयाबीनमध्ये खुरपायला बायका लावाव्या लागतात, बायका मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. दोन टाक्या तणनाशक मारलं की काम होतं. यात खोटं काय आहे? शहरात बसून निसर्ग वाचवा म्हणणाऱ्याला बांधावरच्या एका झाडाची किंमत किती रोजांनी मोजतात ते ठाऊक नसतं. तुरीच्या मडक्यात भुंगेरा निघाला तर मीही ऊन देणार, तिथं मला दया येत नाही आणि यायची गरजही नाही. माझ्या पोराच्या घासात तो वाटेकरी आहे. पण बांधावरच्या बावचीत तो माझ्या घासात नाही. तिथं तो कुणाची कीड नाही. एकच जीव एका जागी वैरी आणि दुसऱ्या जागी शेजारी असू शकतो, आणि जागा बघून वागणं हे ढोंग नाही. उलट, जागा न बघता सरसकट मारणं किंवा सरसकट वाचवा म्हणणं, या दोन्हींत विचार करण्याचा कंटाळा आहे.

मी भावाला म्हटलं, वरच्या अंगाला, नाल्याकडच्या कोपऱ्यात थोडा बांध फवाऱ्याशिवाय सोडू. बी रानात सांडायच्या आत वाळलेल्या बोंड्या काढून घेऊ, पण सगळं मुळापासून नको.

"किती सोडायचं?"

"बैलगाडी उभी राहील एवढं."

"आन् त्यातनं तण आलं तर खुरपायचं कुणी?"

"मी."

तो थोडा वेळ बांधाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सोड. पण तुझ्या वाटणीतनं सोड."

मला ते रास्त वाटलं. त्या साली बांधालगतच्या माझ्या दोन ओळींत खुरपणी जास्त लागली, आणि ती मीच केली.